सायबाच्या डोक्यावरचे केस

इंत्रूजचे, म्हणजे उपवासकाळाआधीच्या धुडगुसाचे दिवस आले की आमच्या गावात कोणालाच काही काम नसतं. फक्त मला आणि एर्मेलिंदाला असतं. बाकीचे तोंडाला रंग फासून ढोल बडवत फिरतात, या घरचं डुकराचं सोरपोतेल त्या घरी जाऊन खातात, कारण बुधवारी कपाळाला राख लागली की मग ईस्टरपर्यंत सगळ्याला फाटा. आणि मी काखेत एक पांढरं गाठोडं मारून, पोरांनी फेकलेल्या पिठाच्या पुड्या चुकवत, शेताच्या बांधावरून एर्मेलिंदाच्या घरी जातो. गाठोड्यात सायबाचे केस असतात.

सायब म्हणजे आमच्या चर्चमधला पासांवचा सायब. खांद्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, घेऊन एका गुडघ्यावर टेकलेला, माणसाएवढा, लाकडाचा ख्रिस्त. वर्षभर तो वेदीमागच्या खोलीत पडद्याआड असतो. उपवासकाळाचा पहिला रविवार आला की त्याला जांभळा मखमली झगा घालायचा, डोक्यावर केस चढवायचे, केसांवर काट्यांचा मुकुट ठेवायचा आणि आम्ही कोंफ्रारीच्या पुरुषांनी त्याला खांद्यावर घेऊन गावातून फिरवायचं. कोंफ्रारी म्हणजे चर्चचं सारं सामानसुमान आणि मिरवणुका सांभाळणारं आमचं मंडळ. पुढच्या डाव्या दांड्याला माझा खांदा असतो. रेल्वेत गार्ड होतो, निवृत्त झालो तेव्हापासून खांद्याला तेवढंच काम उरलंय.

सायबाला कपडे चढवताना त्या खोलीत बायकांनी जायचं नाही, असा नियम आहे. झगा मळला किंवा केस धुवायचे झाले की मात्र बायकांवाचून चालत नाही. हे मी एकदा सभेत बोललो, तेव्हापासून मला तोंडाळ म्हणतात. आणखी एक नियम आहे. केस खरे हवेत आणि नवसाचे हवेत. विकतचे चालत नाहीत.

आजपर्यंत सायबाच्या डोक्यावर होते ते केस एर्मेलिंदाचे.

ती एकोणीस-वीस वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. धाकटा भाऊ बोस्त्यांव विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. पाद्री येऊन शेवटचं तेलसुद्धा लावून गेला. आई नुसती भिंतीला टेकून बसलेली. एर्मेलिंदाचे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. आम्ही पोरं तिला विहिरीवर बघायला जायचो, हे आता या वयात सांगायला हरकत नाही. तिनं सायबाला केसांचा नवस बोलला. बोस्त्यांव उठला, पेज प्यायला, महिन्याभरात झाडावर चढायला लागला. एर्मेलिंदानं शेजारणीकडून मानेपाशी वेणी कापून घेतली, ताटात ठेवली, ताट वेदीपुढे ठेवलं आणि घरी आली.

तेव्हा तिचं लग्न ठरत आलं होतं. चिंचोण्याचा मुलगा, कोकणीत चार गाणी रचणारा, दिसायला बरा. त्याची आई सून बघायला आली आणि पोरीचं डोकं बघून उंबऱ्यातच थबकली. म्हणाली, केस वाढू देत, मग बघू. केस वाढले तोवर मुलगा नैरोबीला गेला होता आणि तिथलीच कोणी करून बसला होता. नंतर दोन स्थळं आली, पण बाप वारला, आई आजारी पडली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो बोस्त्यांव बोटीवर लागला. आता तो लिस्बनला असतो. ख्रिसमसला फोन करतो. वाईट माणूस नाही, पण मला त्याचा राग येतो तो येतोच.

एर्मेलिंदा चर्चचे कपडे धुऊन, इस्त्री करून आणि गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवून जगली. अंगानं बारीक, बोलायला रोखठोक, पाद्र्यालासुद्धा डाग पडलेला झगा दाखवून विचारणार, "फादर, ही वाइन प्यायली की अंगावर ओतली?" आणि दर वर्षी इंत्रूजमध्ये स्वतःचेच विशीतले केस रिठ्याच्या पाण्यात धुऊन, सुपात पसरून मागच्या पडवीत वाळवायची. शेजारी काठी घेऊन बसायची, कारण घरट्यासाठी कावळे केस पळवतात. स्वतःचे पिकून वाटीभर अंबाडा उरला होता. ते सुपातले मात्र काळेभोर.

पण केस काही झालं तरी केस. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात कपाटात कसर लागली. केस ज्यावर शिवलेत ते टोपडं विरलं, भांगापाशी तळहाताएवढं टक्कल पडलं. गेल्या वर्षी आम्ही काट्यांचा मुकुट खाली दाबून वेळ मारून नेली. सायबाच्या भुवया झाकल्या गेल्या, पण कोणी काही बोललं नाही. यंदा एर्मेलिंदानंच सांगितलं, "तोमास, आता टाका घालायला खाली कापडच नाही. कशाला शिवू, हवेला?"

आमचा अध्यक्ष आग्नेल क्वाद्रुस. कुवेतला बरीच वर्षं काढून आलेला, हौशी गडी. चर्चला नवे भोंगे लावले ते यानंच, आणि आता फादरला खोकला आला तरी नदीपलीकडे ऐकू जातो. त्यानं सभेत पिशवीतून एक खोका काढला आणि टेबलावर ठेवला.

"मुंबईहून मागवलेत," तो म्हणाला. "नाटक-सिनेमावाल्यांना पुरवतो तो माणूस. खरे केस आहेत. प्लास्टिक नाही."

खोक्यात लांब, दाट, टोकाला कुरळे केलेले केस होते. थोडे तपकिरी.

"हे घातलं तर सायब खुरीस टाकून नाचायला लागेल," मी म्हणालो.

"तुला दुसरं काही सुचत नाही का रे?" आग्नेल म्हणाला. "मग तूच आण. कोण देतंय आज केस? माझी मुलगी एक वेळ मूत्रपिंड देईल, केस देणार नाही. सगळ्या मुली खांद्यापर्यंत कापून बसल्यात."

ते खरं होतं. म्हातारे मात्र अडून बसले. विकतचे केस सायबाच्या डोक्यावर चढत नाहीत, म्हणाले, बापजाद्यांनी कधी चढवले नाहीत. शेवटी फादर इलारियो, जे गावात नवीन आहेत आणि कोणालाच दुखवायला घाबरतात, ते म्हणाले, "आजवर एर्मेलिंदाबाईंच्या हातून धुतल्याशिवाय केस चढलेले नाहीत, बरोबर? मग त्यांच्याकडेच पाठवू. त्यांनी धुतले तर चढवू. नाही धुतले तर सायब यंदा नुसता मुकुट घालून जाईल."

म्हणजे सगळं तिच्या गळ्यात. मला राग आला. एका बाईचे केस खाली उतरवायचे आणि वर तिलाच विचारायचं, बाई, तुझ्या जागी दुसरी आणू का? आणि ती नाही म्हणाली तर गाव म्हणणार, म्हातारीला जागा सोडवत नाही.

सभा सुटल्यावर आग्नेलनं मला आंब्याच्या झाडाखाली गाठलं.

"तोमास, तू तिला सांग, मुंबईच्या एका ख्रिस्ती मुलीनं नवसाला दिलेत. बिचारीचं समाधान होईल."

"पहिले फोन लाव त्या माणसाला," मी म्हणालो. "खरं काय ते कळू दे. मग खोटं काय बोलायचं ते ठरवू."

त्यानं कुरकुरत लावला. मुंबईवाला खूश होता. म्हणाला, एकदम अव्वल माल आहे साहेब, कारखान्यातला कचरा नाही. बालाजीचे केस. बायका तिरुपतीला जाऊन नवसाचं मुंडण करतात ना, ते. देवस्थान लिलाव करतं, तिथून आम्ही उचलतो.

आग्नेलनं फोन बंद केला आणि इकडेतिकडे बघितलं.

"हे फादरना सांगू नकोस."

"नाही सांगत."

"म्हाताऱ्यांना तर अजिबात नको. आणि एर्मेलिंदाला..."

"तिला सांगणार," मी म्हणालो.

सोमवारी मी दोन गाठोडी घेऊन निघालो, एक जुनं, एक नवं. वाटेत पोरांनी मला बायकांचे कपडे घातलेल्या एका पैलवानाशी नाचायला लावलं. गाठोडी डोक्यावर धरून नाचलो, इलाज नव्हता. एर्मेलिंदाच्या अंगणात पोचलो तेव्हा तोंडभर पीठ होतं. ती पडवीत पाणी तापवत बसली होती. तिला आधीच सगळं कळलेलं. आमच्या गावात सभेत शिंकलं तरी तिच्या चुलीपर्यंत ऐकू येतं.

"ये रे, पांढऱ्या तोंडाच्या," ती म्हणाली. "दाखव, मुंबईची कोण आली ती."

मी नवं गाठोडं सोडून आतला खोका उघडला. तिनं केस हातात घेतले, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "औषधाचा वास मारतोय." मग एक बट बोटावर गुंडाळून बघितली. "केस चांगला आहे. जाड आहे. तेल बघितलेलं आहे यानं लहानपणापासून. कोणाचा?"

मी सगळं सांगितलं. बालाजी, मुंडण, लिलाव, सगळं. ती ऐकत होती. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं तरी तिनं लाकूड मागे ओढलं नाही.

"सगळं डोकं भादरतात?" तिनं विचारलं.

"सगळं. तुळतुळीत."

"मी मानेपर्यंतच दिले होते." मग बोटावरची बट सोडवत, "आणि कशासाठी देतात?"

"तू कशासाठी दिलेस? कोणी आजारी असतं. कोणाला मूल नसतं. कोणाचा नवरा..."

"हं."

"ती बालाजीची भक्त आहे, एर्मेलिंदाबाय. आपल्या सायबाची नव्हे. म्हाताऱ्यांना कळलं तर चर्च डोक्यावर घेतील."

"म्हाताऱ्यांचं राहू दे," ती म्हणाली. "नवसाचे हवेत असं तेच म्हणतात ना? हे नवसाचेच आहेत."

"पण त्या बाईनं काही आपल्याकडे द्यायला दिले नव्हते. तिला माहीतसुद्धा नाही कुठे गेले ते."

"मला तरी कुठे माहीत होतं?" तिनं लाकूड मागे ओढलं. "मी ताटात ठेवून आले. मला वाटलं पुरतील कुठेतरी, नाहीतर समुद्रात टाकतील. सायबाच्या डोक्यावर चढवणार हे मला कोणी विचारलं होतं? पुढच्या उपवासकाळात बघितलं तेव्हा कळलं. दिले ते दिले. पुढे काय करायचं ते ज्याला दिले त्यानं बघायचं."

मी उठायला लागलो, तर म्हणाली, "बस. कावळे कोण हाकणार?"

तिनं नवे केस रिठ्यात घालून तीनदा धुतले. औषधाचा वास जाईना, तेव्हा कडीपत्ता टाकून उकळलेल्या पाण्यात बुडवले. टोकाचे कुरळे ओल्या फडक्यानं ओढून ओढून सरळ केले. शिंगाच्या कंगव्यानं विंचरताना तिचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना चाललीय. जवळ जाऊन ऐकलं तर त्या बाईशी बोलत होती. कोकणीत, अगदी विहिरीवर बोलावं तसं. "काय झालं होतं ग तुझ्या घरी? बरं झालं ना माणूस? उठलं ना?"

मी तिकडे पाठ केली आणि कावळे हाकले. एकही कावळा नव्हता.

जुने केस तसेच पायरीवर पडले होते. मी चाचरत म्हणालो, "फादर म्हणालेत, हे तुला घरी ठेवायचे तर ठेव. आठवण म्हणून. आग्नेल काचेची पेटी करून देतो म्हणाला."

"दिलेलं परत घेतात का?" ती म्हणाली. "उद्या झावळ्या जाळायच्यात ना? त्यात घाल."

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेले झावळीचे खुरीस लोक वर्षभर घरात अल्ताराला, म्हणजे देव्हाऱ्याला, लावून ठेवतात. इंत्रूजच्या मंगळवारी ते परत आणून द्यायचे आणि चर्चची झाडलोट-घंटा बघणारा सांक्रिस्तांव मिंगेल चर्चच्या मागे लोखंडी घमेल्यात ते जाळतो. त्याचीच राख बुधवारी कपाळाला. मिंगेलला मी गाठोडं दिलं तेव्हा तो करवादला. केसांची राख होत नाही, डांबर होतं, वास सुटतो, लोक मला शिव्या देतील. मी म्हटलं, एर्मेलिंदानं सांगितलंय. मग त्यानं गाठोडं घेतलं. एर्मेलिंदा स्वतः आली नाही. तिला म्हणे ब्लाऊज पुरे करायचे होते. ते काही खरं नव्हतं, उपवासकाळात कोण नवा ब्लाऊज घालतं? मी एकटाच उभा राहिलो. केस पेटायला वेळ लागत नाही. चर्र झालं आणि गेले. विहिरीवर आम्ही ज्यासाठी ताटकळायचो ते एवढ्यात संपलं, आणि सांगायला लाज नाही, मला रडू आलं. मिंगेल म्हणाला, धूर फार आहे, बाजूला हो.

मिंगेल सांगतो की त्यानं ती राख वेगळी काढून आंब्याच्या मुळाशी टाकली. त्याची बायको सांगते की कसलं वेगळं काढतोय, ह्याला चहाची घाई होती, सगळं एकातच चाळलं. बुधवारी रांगेत एर्मेलिंदा माझ्या पुढेच होती. फादरनी अंगठा टेकवला, माती आहेस, मातीत जाशील म्हणाले. ती आमेन म्हणाली आणि वळून जाताना नेहमीसारखी माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघून म्हणाली, "इस्त्री कोणी केली ही? सून की बैल?"

रविवारी दुपारी सायबाला कपडे चढवले. आग्नेलनं केस बसवले, मी मुकुट ठेवला. यंदा मुकुट भुवयांवर दाबावा लागला नाही. केस खांद्यावर सरळ उतरले. म्हाताऱ्यांपैकी सर्वांत कडवट म्हातारा काठी टेकत जवळ आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एर्मेलिंदानं धुतले म्हणजे ठीकच असणार."

संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो. पुढे जांभळे झेंडे, मध्ये सायब, मागे क्लॅरिनेट आणि दोन व्हायोलिन घेऊन लॅटिन मोतेत, म्हणजे सायबाच्या दुःखाची गीतं, गाणारे. गाव शांत असतं त्या वेळी. इंत्रूजमध्ये नाचलेला तो पैलवानही मान खाली घालून मेणबत्ती धरून चालत होता. वडाच्या वळणावर दगडी खुरीस आहे, तिथे सायबाला थांबवतात आणि एक मोतेत म्हणतात. एर्मेलिंदा तिथे उभी होती, डोक्यावर काळी ओढणी.

आम्ही दांडे टेकूवर ठेवले. खांद्यावरचं ओझं उतरलं की माणूस आधी श्वास घेतो, मग इकडेतिकडे बघतो. मी बघितलं, तर एर्मेलिंदा मान वर करून सायबाच्या तोंडाकडे बघत होती. मोतेत संपेपर्यंत बघत होती. लोक गुडघे टेकत होते, उठत होते, ही तशीच. मला वाटलं, केस बघतेय. दुसरीचे केस कसे दिसतात ते बघतेय, आणि आता हिला त्रास होणार. मला सबंध आठवडा जी धास्ती होती ती हीच होती.

मिरवणूक चर्चमध्ये परतली. लोक पांगले. ती पायरीवर बसून चपलेत गेलेला खडा काढत होती. मी शेजारी बसलो.

"कसे दिसले?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"काय?"

"केस."

"केस मी बघितलेच नाहीत," ती म्हणाली.

"मग एवढा वेळ काय बघत होतीस?"

तिनं खडा काढून टाकला, चप्पल पायात घातली.

"तोमास, माझे त्याच्या डोक्यावर गेले त्या वर्षी मी एकदाच वर बघितलं. केसच दिसले. माझी वेणी, माझा भांग, उन्हात कसे चमकतात ते. सगळे बघतायत, आणि मी मनात म्हणतेय, माझे आहेत. लाज वाटली मला. तो खुरीस घेऊन चाललाय आणि मी केस बघतेय. तेव्हापासून मी मान वर केली नाही. दर वर्षी त्या वळणावर उभी राहायची आणि त्याचे पाय बघायची. पाय मला पाठ आहेत त्याचे. डाव्या अंगठ्याचा रंग उडालाय."

मी पाय आवरून तिला उठायला जागा केली.

"आज म्हटलं, आता माझं काही नाही तिथे. बघू या." तिनं ओढणी सारखी केली आणि उठली. "तोंड बघितलं मी त्याचं. इतक्या वर्षांनी. केवढा दमलाय रे तो."